आराखडा नसलेली गुराब: एका प्रतिकृतीचा प्रकरण अभ्यास

किनाऱ्यावरच्या एका वाचनालयाला आपल्या इतिहास दालनासाठी आंग्र्यांच्या आरमारातल्या गुराबेची, म्हणजे तोफा वाहणाऱ्या लढाऊ जहाजाची, प्रतिकृती हवी होती. लाकडी, मापात, तोफांसकट आणि काचेच्या पेटीत मावेल अशी. मागणी ऐकायला सोपी वाटते. इंग्रजांचे ‘व्हिक्टरी’ करायचे असते तर सोपीच होती. ते जहाज आजही पोर्ट्समथच्या गोदीत उभे आहे आणि त्याचे आराखडेही मिळतात. स्वीडनचे ‘वासा’ 1628 मध्ये पहिल्याच सफरीत बुडाले, पण 1961 मध्ये वर काढले गेले, त्यामुळे त्याची फळी न् फळी मोजून झाली आहे. गुराबेचे तसे नाही. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले आणि बंदरात उभे असलेले तुळाजी आंग्र्यांचे आरमार जवळपास सगळेच जळून गेले. ज्यावरून बेतून काम करावे असा त्या जहाजांचा आराखडा आमच्या हाती नव्हता. तशी जहाजे बांधणारे मेस्त्री कागदापेक्षा डोळ्यावर आणि साच्यावर काम करत.

तरीही बाजारात गुराबेच्या प्रतिकृती दिसतात. बहुतेकींचे धड, म्हणजे जहाजाचे मुख्य अंग, फ्रिगेट या युरोपीय युद्धनौकेचे असते, वर भगवे निशाण लावले की झाली गुराब. वाचनालयाने नमुना म्हणून दाखवलेला फोटो त्यातलाच होता. आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि होड्या बांधणाऱ्या घराण्यातले एक मेस्त्री, काम घेतले ते एकाच अटीवर: जे माहीत आहे ते आणि जे अंदाजाने केले आहे ते, दोन्ही प्रतिकृतीत वेगवेगळे ओळखता आले पाहिजे. अट मान्य झाली. तिचा अर्थ दोन्ही बाजूंनी वेगवेगळा घेतला होता, हे पुढे कळले.

हाती काय होते

सगळ्यात कामाचा मजकूर रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराचा. त्याच्या हिंदुस्थानातील लष्करी इतिहासाचा पहिला खंड 1763 मध्ये निघाला. त्यात गुराब आणि गलबत यांचे जेमतेम पानभर वर्णन आहे, पण ते पाहून लिहिल्यासारखे नेमके आहे. त्याचा सारांश असा. गुराबांना बहुधा दोन डोलकाठ्या असतात, काहींना तीन. तीनवाल्या सुमारे 300 टनांच्या, दोनवाल्या 150 टनांच्या वर नाहीत. पाण्यात फार कमी बुडतात, लांबीच्या मानाने खूप रुंद असतात, पण मध्यापासून टोकाकडे निमुळत्या होत जातात. पुढे नेहमीच्या जहाजासारखा फुगीर तोंडवळा नसून भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब चोच असते. या चोचीचा डेक मुख्य डेकच्याच पातळीवर असतो, पण मध्ये एक आडभिंत असते. चोचीला कठडा नसतो, कारण समोरच्या लाटेत जहाज जोरात आपटते आणि चोचीवर चढलेले पाणी विनाअडथळा निघून जायला हवे. आडभिंतीला भोके पाडून त्यातून 9 किंवा 12 पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा फेकणाऱ्या) दोन तोफा चोचीवरून पुढे मारा करतात. बाजूच्या तोफा 6 ते 9 पौंडी.

आपल्या बाजूचा पुरावा म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र. त्यातल्या आरमाराच्या प्रकरणात मापे नाहीत, पण धोरण आहे: जहाजे फार थोर नकोत, फार लहान नकोत, मध्यम असावीत, वाऱ्याशिवाय ज्यांचा उपयोग नाही असली धुडे बांधण्यात अर्थ नाही. तख्ते, सोट, डोलाच्या काठ्या यांसाठी साग तोडायचा तर परवानगी घेऊन तोडावा आणि रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, हेही तिथेच आहे. जहाजाचे लाकूड हा राज्यकारभाराचा विषय होता, हे त्यावरून कळते. प्रतिकृतीला त्याचा उपयोग एवढाच की, दोन डोलकाठ्यांची 150 टनी गुराब निवडायला आधार मिळाला. वाचनालयाला अर्थातच तीन काठ्यांची हवी होती.

चित्रे दोन-तीन. डॉमिनिक सेरेस याचे विजयदुर्ग काबीज झाल्याचे चित्र ग्रिनिचच्या संग्रहालयात आहे. पण ते घटनेनंतर पंधरा वर्षांनी काढलेले आहे आणि त्याचा सगळा जीव इंग्रजी जहाजांत आहे. बाल्थाझार सॉल्विन्स याने कलकत्त्यात राहून देशी नौकांची जी चित्रे कोरली त्यात एक गुराब आहे. तीन काठ्या, चौकोनी शिडे, टोकदार चोच. ती चाळीस-पन्नास वर्षे उशिराची आणि दुसऱ्या किनाऱ्यावरची असली तरी काढणाऱ्याने जहाज समोर ठेवून काढली आहे, म्हणून आम्ही तिला सेरेसपेक्षा वरचा मान दिला. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर नाविक युद्ध कोरले आहे, ते वापरा, असे बऱ्याच जणांनी सुचवले. ते शिल्प सुंदर आहे, पण गुराबेच्या कित्येक शतके आधीचे. त्यात तोफाच नाहीत.

एका पानातून धड

वर्णनावरून चोच काढता येते, पण पाण्याखालचे अंग काढता येत नाही. त्यासाठी जवळचे नातलग शोधावे लागले. कोकण-मलबार किनाऱ्यावरची फत्तेमारी ही मालवाहू नाव एकोणिसाव्या शतकातही चालत होती आणि तिची मापे नोंदलेली आहेत. जॉन एडी याने 1834 मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दिलेली फत्तेमारी साडेशहात्तर फूट लांब आणि साडेएकवीस फूट रुंद आहे. पुढे फ्रेंच नौदल अधिकारी पारी यानेही या नावांचे आराखडे प्रसिद्ध केले.

आता ऑर्मचे 150 टन आणि एडीची फत्तेमारी यांचा मेळ बसतो का? त्या काळी इंग्रज जहाजाचे टन असे काढत: लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करायचे, उरलेल्याला रुंदीने आणि अर्ध्या रुंदीने गुणायचे आणि 94 ने भागायचे. फत्तेमारीचे आकडे त्यात घातले की, 63.6 गुणिले 21.5 गुणिले 10.75 भागिले 94, म्हणजे 156 टन. ऑर्मने टन याच हिशेबाने धरले असतील असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण दोन स्वतंत्र ठिकाणांहून आलेले आकडे इतके जवळ आले की पुढे पाऊल टाकायला हरकत नसते. धडाला फत्तेमारीची लांबी-रुंदी दिली, चोच त्याच्या पुढे वेगळी धरली.

प्रमाण 1:48 ठेवले. या प्रमाणात एक फूट म्हणजे पाव इंच, त्यामुळे जुन्या इंग्रजी मापांशी झटापट करावी लागत नाही. धड 486 मिलिमीटर, रुंदी 136 च्या किंचित वर.

पुढची डोलकाठी कुठे गेली

या कामातला खरा पेच इथे होता. ‘दोन डोलकाठ्या’ म्हणजे कोणत्या दोन? पुढची आणि मधली, की मधली आणि मागची? ऑर्मने गुराबेबद्दल हे लिहिलेले नाही. प्रतिकृती विकणारे सर्रास पहिला पर्याय घेतात, कारण दोन काठ्यांचे युरोपीय ब्रिग तसे दिसते.

पण गलबताचे वर्णन करताना ऑर्म दोन गोष्टी सांगतो. एक, गलबते गुराबेसारखीच बांधलेली, फक्त लहान. दोन, त्यांच्या दोन काठ्यांपैकी मागची, म्हणजे कलमी, अगदी बारीक असते आणि मुख्य काठीवर एकच मोठे तिकोनी शीड असते. म्हणजे गलबताला मुख्य आणि कलमी. थोरल्या भावंडातही तीच जोडी असावी असे म्हणता येते, पण हा झाला तर्क. त्याला आधार हवा होता.

म्हणून पुढचा भाग पुठ्ठ्यात उभा केला. चोच, आडभिंत, तिच्यामागचा छपराखालचा डेक आणि दोन तोफा. 9 पौंडी तोफेची नळी साधारण 7 फूट धरली तर प्रतिकृतीत 44 मिलिमीटर भरते. गाडा, नळीचा भिंतीबाहेर आलेला भाग, धडाक्यानंतर तोफ मागे येण्याची जागा आणि मागे उभे राहणारे गोलंदाज, हे सगळे धरले की आडभिंतीपासून मागे बारा-तेरा फूट मोकळे लागतात. आणि हे धडाच्या निमुळत्या होत गेलेल्या भागात, जिथे आमच्या आराखड्यात रुंदी चौदाच फूट उरते. दोन तोफांच्या गाड्यांमध्ये जी फट राहते तिच्यात चोचीवरच्या सोटाचा, म्हणजे पुढे झुकलेल्या काठीचा, बुंधा यायचा. तिथेच अजून एक दीड फूट जाडीची डोलकाठी, तिचा खोबणा आणि तिच्या बुडाशी बांधलेले दोर घालून पाहिले. पुठ्ठ्याची माणसे उभी करायला जागा राहिली नाही. मेस्त्री म्हणाले, “साहेब, इथे काठी उभी केलीत तर तोफ भरायची कोणी? काठीने?”

तीन काठ्यांच्या गुराबेत पुढची काठी होतीच, मग तिथे काय करत असतील, हा आक्षेप रास्त आहे. तिथे टन दुप्पट. त्याच आकाराचे जहाज दुप्पट टनांचे केले तर रुंदी 27 फुटांच्या आसपास जाते आणि पुढेही तेवढी ऐसपैस जागा होते. लहान गुराबेला ती चैन नाही. मुख्य काठी मध्याच्या किंचित पुढे आणि कलमी मागे, असा निर्णय झाला. हा सिद्धांत नव्हे. तोफांना जागा देणारी, मजकुराला न मोडणारी मांडणी एवढाच तिचा दावा आहे.

लढण्याची पद्धतही याच बाजूला झुकते. ऑर्म लिहितो की वारा पडला असेल तर गलबते वल्ही मारत गुराबांना ओढून नेत, सावज जहाजाच्या पिछाडीला जमत आणि गुराबा चोचीवरच्या तोफांनी लांबून आधी डोलकाठ्यांवर मारा करत. या जहाजाचे हत्यार म्हणजे त्याचे नाक. बाजूच्या तोफा दुय्यम. यातून प्रतिकृतीत दोन बारीक गोष्टी आल्या, ज्या कुठल्याही चित्रात नाहीत. आडभिंतीतली भोके बाजूच्या भोकांपेक्षा उंच ठेवली, कारण काठीवर नेम धरायचा तर नळीचे तोंड वर उचलता आले पाहिजे. आणि चोचीच्या मुळाशी दोन दणकट खुंट बसवले. ओढायचा दोर कशाला तरी बांधलाच असणार.

लाकूड, फळ्या, दोर

पठाण, म्हणजे जहाजाचा तळाचा कणा, आणि आडवे साचे प्लायवूडचे, त्यावर फळ्यांचे दोन थर. ही सगळीकडे चालणारी पद्धत आहे, तिच्यावर वेळ घालवत नाही. पहिला थर घासून साफ करताना हाताची बोटे आत-बाहेर फिरवून उंचवटे शोधावे लागतात. डोळा इथे फसतो.

लाकडाचा मुद्दा मात्र वादाचा झाला. मूळ जहाज सागाचे, म्हणून प्रतिकृतीही सागाची करा, असा आग्रह होता. सागाचे रेषे ठळक आणि अंतराअंतरावर असतात. 1:48 मध्ये फूटभर रुंदीची फळी जेमतेम 6 मिलिमीटरची होते, आणि तिच्यावर सागाची एकच रेष कोसभर लांबीच्या भेगेसारखी दिसते. मापात काम करताना लाकूडही ‘मापातले’ दिसायला हवे, म्हणजे बारीक पोताचे. आम्ही हळदू घेतला. पिवळसर, घट्ट, धारदार पटाशीने कापला तरी कडा न सांडणारा. ऑर्मने शब्दात सांगितलेले सगळे भाग, म्हणजे चोच, आडभिंत आणि तिच्यातली भोके, शिसवात केले. नातलगांवरून घेतलेले धड आणि निव्वळ अंदाजाची पिछाडी हळदूत. अट पाळण्याचा हा आमचा मार्ग: गडद ते माहीत, फिके ते अनुमान.

फळ्यांच्या सांध्यांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण परदेशी प्रतिकृतींची पुस्तकी रीत इथे चुकीची ठरते. युरोपीय जहाजाच्या फळ्या काठाला काठ लावून बसवत आणि मधल्या फटीत जुन्या दोरांचे तंतू ठोकून वर डांबर ओतत. म्हणून तिथले कारागीर प्रत्येक फळीच्या कडेवर पेन्सिल फिरवून काळी रेघ काढतात. पश्चिम किनाऱ्यावरची मोठी जहाजे तशी नव्हती. एका फळीच्या काठाला खाच आणि दुसरीला तिच्यात बसणारा ओठ, असा सांधा असे. सुरतेच्या जहाजबांधणीबद्दल अठराव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशांनीही हेच कौतुकाने लिहिले आहे. असा सांधा बाहेरून जवळपास दिसत नाही. मग आम्ही काळी रेघ टाळली आणि सगळी मेहनत कडा अचूक घासण्यात घातली. फळी पाण्यात भिजवायची, सोल्डरिंग आयर्नच्या गरम नळीवर हळूहळू वाकवायची, साच्यावर टाचण्यांनी वाळू द्यायची आणि मगच गोंद लावायचा. ओल्या फळीला गोंद लावला तर वाळताना ती आकसते आणि नेमकी तीच फट उघडते, जी मूळ जहाजावर नव्हती. चोचीकडे धड इतके निमुळते होते की फळ्या पूर्ण रुंदीने जातच नाहीत. प्रत्येक फळी पुढच्या टोकाला जवळजवळ निम्मी करावी लागली.

पाण्याखालच्या भागाला तांब्याचे पत्रे लावा, ही सूचनाही आली. काचपेटीत तांबे झळकते, हे खरे. पण इंग्रजी नौदलानेसुद्धा आपल्या सगळ्या ताफ्याला तांबे मढवले ते 1779 नंतर. आपल्याकडे लाकूड पोखरणाऱ्या किड्यावर उपाय म्हणून चुना आणि तेल यांचा लेप देत. प्रतिकृतीत तो मळकट पांढरा रंग म्हणून आला, ब्रशने पातळ, दोन हात.

दोर काथ्याचे. म्हणजे युरोपीय प्रतिकृतींतले डांबर लावलेले काळे ताण-दोर इथे बसत नाहीत. सुती दोरा पीळ देऊन तिपेडी केला, चहाच्या पाण्यासारख्या फिक्या तपकिरी रंगात बुडवला आणि मेणावरून ओढून त्याची लव बसवली. बाजारचा दोरा तसाच वापरला तर त्याच्या कुसळांमुळे दोर लोकरीचे दिसतात.

शिडांबाबत पुरावा विरळ. तिकोनी शीड ऑर्म मुद्दाम गलबताचे म्हणून सांगतो, आणि सॉल्विन्सच्या गुराबेवर शिडे चौकोनी आहेत. म्हणून मुख्य काठीवर आडवे परबाण (शीड बांधायची काठी) आणि कलमीवर तिरपे, अशी मांडणी केली, पण शिडे गुंडाळलेली ठेवली. फुगलेले शीड पाहणाऱ्याचा डोळा खेचून घेते, आणि इथे ज्याची खात्री सर्वांत कमी तेच सर्वांत मोठे दिसले असते. निशाण भगवे, लहान, पिछाडीला.

पितळी सळईतून तोफा लेथवर काढल्या. 9 पौंडीचे तोंड या प्रमाणात सव्वादोन मिलिमीटरचे होते, तेवढेच भोक पाडले. नळीवरची नक्षी केली नाही.

हाती दिल्यानंतर

प्रतिकृती वाचनालयात गेली आणि पहिली तक्रार आली ती पिछाडीची: ‘मागची बाजू अपुरी वाटते.’ युरोपीय जहाजांच्या मागे खिडक्या, सज्जे, कोरीव पुतळे असतात. आमच्या गुराबेची पिछाडी म्हणजे साधी फळ्यांची भिंत आणि सुकाणू. तिथे काय होते याचा आमच्याकडे एकही धड पुरावा नव्हता, आणि कोऱ्या जागी नक्षी भरणे ही भर असली तरी माहितीची भर नव्हे. यावर बरीच चर्चा झाली. त्यांनी देणगीदाराच्या नाराजीचा मुद्दा काढला, तोही समजण्यासारखा होता. पैसे त्याचे होते. शेवटी पिछाडी साधीच राहिली.

दोन लाकडांची युक्ती अर्धीच चालली. पाहायला येणारे गडद चोच पाहून ‘काय सुंदर पॉलिश केलंय’ म्हणत आणि पुढे जात. रंगाचा अर्थ सांगणारी पाटी लावा, असे आम्ही सुचवले. वाचनालयाने लावली ती पाटी ‘आंग्रेकालीन गुराबेची हुबेहूब प्रतिकृती’ अशी. ‘हुबेहूब’ काढायला पत्रव्यवहार करावा लागला. आता पाटीवर जहाजाचा अंदाजे काळ, प्रमाण, आणि शिसव कुठे व हळदू कुठे याचा साधा खुलासा आहे. शाळेची मुले तो वाचून चोचीवर बोट ठेवतात आणि ‘हे खरं, हे अंदाजे’ असा खेळ करतात, असे तिथल्या ग्रंथपालबाईंनी कळवले.

मुख्य डोलकाठी खोबणीत नुसती बसवली आहे, चिकटवलेली नाही. पुढे मागे कुठल्या दप्तरात किंवा पाण्याखालच्या अवशेषांत पुढच्या काठीचा पुरावा सापडला तर डेकवर तिच्यासाठी जागा आखून ठेवली आहे. सध्या ती एका चौकोनी फळीखाली झाकली आहे. पिछाडीची भिंतही आतून दोन स्क्रूंवर आहे. वाचनालयाला दिलेल्या फायलीत पुठ्ठ्याच्या नमुन्याचे फोटो, टनांचा हिशेब आणि प्रत्येक भागाचा आधार लिहून ठेवला आहे. स्क्रू उघडायला कोणत्या मापाचा पेचकस लागतो, तेही त्यात आहे.